पाव फेरा

१

सासरी आल्यावर तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की या घरात दार वाजवायची पद्धतच वेगळी आहे. सासरे खोलीशी आले की मधलं बोट वाकवून दारावर एकदा टक् करायचे, कान तिरका करून थांबायचे, आणि आतून "या ना बाबा" म्हटलं तरी लगेच आत यायचे नाहीत. दाराचं बोलणं संपेपर्यंत उभे राहायचे. मग आत डोकावून विचारायचे, "चहा झाला का?"

जिन्याचा कठडा, कपाट, भाजी चिरायची फळी, कशाचीच सुटका नव्हती. "चाळीस वर्षं लाकूड ठोकतायत," नवरा म्हणाला. "आता हात थांबत नाही. दुर्लक्ष कर."

तिला त्यात फारसं वावगं वाटलं नाही, कारण ती स्वतः त्याच जातकुळीतली. तिच्या आईचं कपबशांचं दुकान होतं आणि लहानपणापासून तिचं काम एकच: प्रत्येक कप नखाने वाजवून बघायचा. नवरा तिथे सहा कप घ्यायला आला होता. तिने पाच दिले, सहावा मागे ठेवला.

"याला तडा आहे."

"दिसत तर नाही."

"ऐकू येतो."

तो दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, कप न घेता. आठवड्याने वडिलांना घेऊन आला. त्या वडिलांनी शिक्षण विचारलं नाही, स्वयंपाक विचारला नाही. निघताना तिच्या खांद्यावर हात ठेवला, वाकवलेल्या बोटाने दोनदा हलकेच थोपटलं आणि मुलाला म्हणाले, "चांगली आहे. जरा ओली आहे."

आईला वाटलं, मुलीचे डोळे भरून आले होते त्याबद्दल म्हणाले. "हळवी माणसं आहेत गं," असं ती पुढे महिनाभर सगळ्यांना सांगत होती.

२

खालच्या मजल्यावर कारखाना, वर घर. खाली बापलेक मिळून इलेक्ट्रिक गिटार बनवायचे, वर्षाला तीसेक. मोठे दीर परगावी वाद्यांचं दुकान चालवायचे, महिन्यातून एकदा येऊन तयार माल घेऊन जायचे. त्यांची बायको, म्हणजे तिची जाऊ, मात्र इथेच राहायची. का, ते कोणी सांगितलं नाही आणि नव्या सुनेने विचारण्यासारखं ते नव्हतंच.

जेवायला बसलं की बापलेकांचा वाद ठरलेला. सासऱ्यांच्या मते गिटारचा आवाज लाकडात असतो. महोगनीचा घसा भरलेला, अॅशचा मोकळा, मेपलचा नाकात. नवऱ्याच्या मते हे सगळं थोतांड होतं.

"पोकळ गिटार असती तर एक वेळ मानलं असतं, बाबा. ही भरीव. तारेखाली चुंबक आहे, ते तार ऐकतं. लाकूड नाही ऐकत. आवाज कशाने बदलतो? तार जिथे टेकते तिथे पितळ आहे की पोलाद, स्क्रू किती घट्ट, दांडी किती सरळ. लाकूड म्हणजे नुसती खुर्ची. बसतात त्या तारा."

"मोडक्या खुर्चीवर बसून बघ मग, कसा गातोस ते."

"मी मुळात गातच नाही."

"तेच म्हणतोय. खुर्चीत खोट आहे."

ती हसली. तिघांनी माना वळवून तिच्याकडे बघितलं. तोंडाकडे नव्हे, जरा खाली, गळ्याच्या हाडाच्या आसपास. मग सासरे नवऱ्याला म्हणाले, "ऐकलंस? अजून बुडबुडा आहे." आणि जाऊने पाण्याचा जग तिच्यासमोरून उचलून दुसरीकडे ठेवला.

पाण्याशी त्या घराचं वैरच होतं. ओले केस घेऊन फिरायचं नाही. कपडे घरात वाळत घालायचे नाहीत. प्रत्येक खोलीत हवेतला दमटपणा ओढून घेणारं एकेक यंत्र दिवसरात्र घुमायचं आणि सकाळी त्यांच्या टाक्या रिकाम्या करायचं काम तिच्याकडे आलं. जावेच्या खोलीतल्या टाकीत जेमतेम घोटभर पाणी असायचं. हिच्या खोलीतली रोज काठोकाठ.

"यंत्र जास्त चांगलं आहे वाटतं आमचं," ती म्हणाली.

"यंत्रं सगळी सारखीच आहेत," जाऊ म्हणाली. तिचा आवाज सरळसोट होता, वर नाही, खाली नाही. "तू नवीन आहेस."

३

सोमवारी सकाळी तिला खाली बोलावलं गेलं.

"तुझा कान आहे," नवरा म्हणाला. "आमच्या दोघांच्या कानांवर आमचाच विश्वास नाही. बाबा लाकूड बघितलं की लाकूड ऐकतात, मी पितळ बघितलं की पितळ. तू पाठ करून बस आणि फक्त सांग."

ऐकायची खोली कारखान्याच्या मागे होती. खिडकी नाही, भिंतींना जाड राखाडी कापड. मधोमध जमिनीत बसवलेला चौकोनी लोखंडी पत्रा, त्यावर एक गोल स्टूल. मागच्या भिंतीवर भलंमोठं बंद पडलेलं घड्याळ, एकच काटा असलेलं. एवढ्या नेटक्या माणसांनी ते तसंच कसं ठेवलं याचं तिला जाताजाता नवल वाटलं. ती स्टुलावर बसली, समोर कापडाची भिंत.

"मागे वळायचं नाही," सासरे म्हणाले. "बघितलं की डोळेच ऐकायला लागतात."

नवऱ्याने एक गिटार वाजवली, मग दुसरी. पहिली लवकर विझते, दुसरी जरा कडक आहे, असं तिने सांगितलं. पहिलीला तारा टेकायचा ब्रिज जस्ताचा होता, दुसरीला पितळी. नवरा खूश झाला. मग सासऱ्यांची पाळी. ते न कापलेल्या लाकडाच्या फळ्या वाजवून दाखवणार होते. सुरांची इंग्रजी नावं नवऱ्याने तिला आधीच शिकवली होती: जी, त्याच्या वर जी शार्प, त्याच्या वर ए. टक्. "जी," ती म्हणाली. टक्. "जीच, पण घसरलेला." टक्. हा तिसरा फार जवळून आला, जणू तिच्याच छातीत कोणी बोट आपटलं.

"हा... दबका आहे. ओला आहे का हो?"

मागे पेन्सिल खरखरली.

"आहे," सासरे म्हणाले. "होईल नीट."

वर जाताना तिला खरं तर बरं वाटत होतं. या घरात पहिल्यांदाच तिला कोणी काही विचारलं होतं. आपलंही इथे काम आहे, असं तिने आईला फोनवर सांगितलं. आई म्हणाली, "बघ, मी म्हटलं नव्हतं? कपबशा वाया नाही गेल्या."

४

कारखान्यातल्या प्रत्येक फळीच्या पाठीवर सासऱ्यांच्या अक्षरात नोंदी असायच्या. तारीख, वजन, सूर. दर सोमवारी एक ओळ. वजन उतरत जायचं, सूर चढत जायचा. पाणी निघून गेलं की लाकूड हलकं होतं आणि त्याचा गळा उघडतो, असं त्यांनी तिला समजावून सांगितलं. शेवटच्या ओळीखाली एक रेघ मारली की ती फळी कापायला तयार.

पाचव्या आठवड्यात तिचं कानातलं पलंगामागे पडलं. पलंगाच्या उशाशी रुंद लाकडी फळी होती, भिंतीत स्क्रूंनी पक्की केलेली. भिंत आणि फळी यांच्यामध्ये हात जाईल एवढी फट. तिने मोबाईलचा उजेड आत टाकला. कानातलं दिसलं, आणि फळीच्या पाठीवर तारखा घातलेल्या पेन्सिलीच्या ओळी.

५४.१. जी. ओलं.

५३.२. जी.

५२.६. जी, चढता.

५१.९. जी शार्प.

५१.०. जी शार्प, स्वच्छ.

पहिली तारीख तिच्या लग्नानंतरच्या सोमवारची होती.

तिने स्वतःला समजावलं. नव्या जोडप्यासाठी नवा पलंग केला, लाकूड कच्चं निघालं, सासरे लक्ष ठेवून आहेत. यात काय एवढं? फळी चांगली जाडजूड आहे, पन्नास किलो असेल. तिने कानातलं काढलं, पुसलं, घातलं. मग तिची नजर स्क्रूंवर गेली. आठ स्क्रू, त्यांच्या खाचांमध्ये भिंतीचा रंग वाळून बसलेला. ही फळी भिंतीला लागल्यापासून एकदाही निघालेली नव्हती.

मग दर सोमवारी वजन कशाचं केलं?

दुसऱ्याच कशाच्या तरी नोंदी इथे केल्या असतील, असं तिने ठरवलं. कागद संपला असेल. ठरवल्यावर माणसाला बरं वाटतं. तिलाही वाटलं, जेवेपर्यंत.

५

त्या आठवड्यात हवा ढगाळ झाली. यंत्रं घुमत होती तरी चादरी ओलसर लागायच्या. दुपारी जाऊ कप पुसत होती आणि ही भाजी निवडत होती. खाली नवरा एका गिटारची एकच तार पुन्हापुन्हा छेडत होता. खालचा आवाज वर यायचा तो जमिनीतून, पायांच्या तळव्यांना आधी कळायचा.

तेवढ्यात वीज गेली. यंत्रं एकदम गप्प झाली. खालचा अॅम्प्लिफायरही बंद पडला असणार, नवऱ्याने काहीतरी आदळल्याचं ऐकू आलं.

सूर मात्र चालूच होता.

तोच सूर, बारीक आणि सरळ. ती ऐकत राहिली. खालून येत नव्हता. खिडकीतूनही नाही. तिने मान वळवली. जावेच्या हातातलं फडकं कपात तसंच थांबलं होतं, ओठ किंचित विलग, पण हलत नव्हते. सूर तिथून येत होता. दहा-बारा सेकंद टिकला, मग हळूहळू विरला, तार विरते तसा. आणि जाऊ पुन्हा कप पुसायला लागली.

"ताई, तुम्ही गुणगुणत होतात का?"

"नाही," जाऊ म्हणाली. "तो ए होता. मला ए लागतो."

संध्याकाळच्या चहाला जाऊ जरा पोक काढून बसली होती. एरवी ती पट्टीसारखी ताठ बसायची, आणि कितीही उकडलं तरी केस पाठीवर मोकळे सोडलेले.

"हवा बदलली," ती सासऱ्यांना म्हणाली. "वाकल्यासारखं वाटतंय."

"ये," सासरे म्हणाले. त्यांनी खिशातून अॅलन की, स्क्रू आवळायची बारीक वाकडी किल्ली, काढली. गिटारच्या दांडीत आरपार एक पोलादी सळई असते. हवेने दांडी वाकली की याच किल्लीने सळई आवळून ती सरळ करतात, हे एव्हाना तिलाही माहीत झालं होतं. "पाव फेरा देतो. जास्त नको."

घरातली जुनी थट्टा असेल असं वाटून ती हसायच्या बेतात होती. कोणीच हसलं नाही. दोघं मागच्या खोलीत गेले. दार लोटलं. दोन मिनिटांनी जाऊ बाहेर आली, पाठ पट्टीसारखी ताठ. बसली, चहाचा घोट घेतला आणि म्हणाली, "साखर कमी आहे." आवाज अर्ध्या सुराने वर गेला होता.

६

लग्नातली अंगठी ढिली झाली होती. आधी तिने तिला दोरा गुंडाळला. मग अंगठी अंगठ्यात घातली.

बुधवारी बापलेक लाकूड बघायला बाहेर गेले. कुलपाची किल्ली खुंटीलाच होती. ती ऐकायच्या खोलीत गेली आणि पहिल्यांदाच स्टुलाकडे तोंड करून, समोरच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली. बंद घड्याळ समोर होतं. एकच काटा, पण बारा आकडे नव्हते. शून्यापासून दीडशेपर्यंत होते.

तिने एक पाय लोखंडी पत्र्यावर ठेवला. काटा थरथरला. दुसरा पाय ठेवला.

काटा सरकत गेला आणि स्थिर झाला. स्टुलाचं वजन वजा करायला हवं म्हणून ती खाली उतरली. स्टुलाचं वजन चार किलो भरत होतं. पुन्हा चढली. शाळेत वजाबाकी तिची चांगली होती. तीनदा केली.

वर जाऊन तिने पलंगामागे उजेड टाकला. शेवटची ओळ परवाची होती. ५०.२. ए, जवळजवळ.

तोच आकडा.

नव्या नवरीचं वजन उतरतं, सगळ्या म्हणतात. घर बदललं, पाणी बदललं, जेवण अंगी लागत नाही. सासऱ्यांना काळजी असेल, बोलून दाखवायचा संकोच असेल. ती पलंगाच्या कडेवर बसून हे सगळं स्वतःला सांगत होती. मग तिचा हात आपसूक वर आला, बोट वाकलं, आणि तिने स्वतःच्या गळ्याच्या हाडावर कप वाजवतात तसं वाजवलं.

त्या आवाजाने तिने हात झटकला. पोळल्यासारखा.

तिने आईला फोन केला. "आई, मी येते आठ दिवस."

"ये की. विचारायचं काय त्यात? आणि आवाज किती छान खुललाय गं तुझा! फोनवर घंटेसारखा येतोय. मानवलंय हो तुला."

७

"आईकडे जाऊन येते," ती नवऱ्याला म्हणाली.

नवरा एका वाटीत मेण वितळवत होता. तारेखालचं चुंबक, पिकअप, त्यात बुडवायचं होतं. हे काम तो फार निगुतीने करायचा.

"सोमवार होऊ दे."

"सोमवारी काय आहे?"

"ऐकायचं आहे. तू नसलीस तर कोणाला ऐकू?" तो हसला नाही. "हे मेण कशाला माहीत आहे? पिकअप कोरडा ठेवला ना, तर त्यात बाहेरचं बोलणं शिरतं. समोर कोणी ओरडलं तर ते गिटारमधून ऐकू येतं. मेण भरलं की बाहेरचं आत येत नाही. फक्त तार ऐकू येते."

"पलंगामागे काय लिहिलंय?"

त्याने वाटी खाली ठेवली. रागावला नाही. एखादा स्क्रू आटे सोडून फिरायला लागला की जसा बघतो, तसा बघत राहिला.

"बाबांचं आहे. लाकडाचं मी बघत नाही, तुला माहीत आहे."

"मग तू काय बघतोस?"

"बाकीचं," तो म्हणाला आणि पिकअप मेणात सोडला. बारीक बुडबुडे वर आले. शेवटचा फुटेपर्यंत तो वाकून बघत होता.

८

सोमवारी जायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. पण खाली गेली नाही तर कळणार कसं? आणि बहुतेक काही नसेलच. हे "बहुतेक" फार वाईट. त्याच्याच जोरावर ती जिना उतरली.

स्टुलावर बसली. आणि समोर, राखाडी कापडाच्या भिंतीवर, आज एक गिटार टांगलेली होती. काळीभोर, नुकतं शेवटचं पॉलिश झालेली, वाळत ठेवलेली. आरशासारखी. या माणसांना एखादी वस्तू कशी वाजेल एवढंच सुचायचं. तिच्यात काय दिसेल हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

त्या काळ्या चकाकीत मागची खोली होती, जरा वाकडी, कडेला ताणलेली. काट्याखाली नवरा. हातात पेन्सिल आणि कागदाचा चिटोरा. सासरे तिच्या अगदी मागे.

"पहिली फळी," सासरे म्हणाले.

त्यांच्या हातात फळी नव्हती. दोन्ही हात रिकामे होते. त्यांनी बोट वाकवलं, ते तिच्या पाठीजवळ आलं.

टक्.

सुकलेल्या अॅशचा मोकळा, लांबणारा सूर. तिला स्पर्श कळला नाही. काहीच कळलं नाही, फक्त ऐकू आलं.

"सांग," सासरे म्हणाले.

तिचं तोंड कोरडं पडलं होतं. "ए," ती म्हणाली. "किंचित... किंचित खाली."

चकाकीत सासऱ्यांनी मान हलवली आणि बाजूला झाले. नवरा पुढे आला. त्याने तिचे केस हळूच बाजूला केले, फार सवयीने केले, आणि त्याच्या दुसऱ्या हातात काहीतरी बारीक, वाकडं चमकलं. दर सोमवारी गिटार बदलताना तिला मागे एक करकर ऐकू यायची. खुंट्यांची असेल, असं ती समजत आली होती. ती करकर आता झाली. काळ्या चकाकीत त्याचं मनगट पाव वर्तुळ फिरलं.

तिची पाठ आपोआप ताठ झाली.

टक्.

"आता बरोबर," तिच्या तोंडून निघून गेलं. भीतीच्याही आधी निघालं. आणि त्यात समाधान होतं.

मागे पेन्सिलीने एक लांब रेघ मारली.

९

ती उठली. मागे वळली नाही. दार उघडून, कारखान्यातून, फळ्यांच्या रांगांमधून जिन्याकडे गेली. वर जाऊन बॅगेत हाताला लागेल ते कोंबलं. कोणी मागे आलं नाही. तेच जास्त वाईट होतं. तिला वाटलं होतं, नवरा हात धरेल, सासरे दार अडवतील, निदान आरडाओरडा होईल. खाली बापलेक नेहमीसारखे वाद घालत होते.

"आता तरी मान्य कर, लाकूड होतं म्हणून."

"अहो, पाव फेऱ्याआधी काय वाजत होतं? शेवटी काम कशाने झालं?"

जाऊ बाहेरच्या दाराशी उभी होती. तिने बाजूला होऊन वाट दिली.

"मीपण गेले होते," ती त्या सपाट आवाजात म्हणाली. "आठव्या आठवड्यात. चार दिवस राहिले."

"मी नाही परत येणार."

जावेने तिच्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात घडी केलेला रुमाल सरकवला. प्रेमाने नाही; उसनं आणलेलं भांडं परत करावं तसं.

"तुमच्याकडे दमट असतं ना?" ती म्हणाली. "लागेल."

१०

आईचं दुकान होतं तसंच होतं. तिन्ही भिंतींना छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर कप उपडे, बशा उभ्या. मागे नदी, त्यामुळे हवा कायम ओलसर. लहानपणी तिला त्या ओलीचा वास आवडायचा. आता आत पाऊल टाकल्याबरोबर अंग जड झालं.

"आलीस! निघताना कळवायचं तरी!" आई गल्ल्यामागून लगबगीने आली. "किती वाळलीस गं! जेवायला देतात की नाही?"

तिला सगळं सांगायचं होतं. वाटेत तिने वाक्यं जुळवून ठेवली होती, वेडी ठरणार नाही अशी. पलंगाची फळी, काटा, काळी गिटार. आईने तिला जवळ घेतलं, तेव्हा वाक्यं विसरली आणि फक्त रडू आलं. आलं म्हणजे, यायला हवं होतं. डोळे कोरडेच राहिले.

"काय झालं? भांडलात? अगं होतं सुरुवातीला," आई म्हणाली आणि तिची पाठ थोपटली.

भिंतीवरचे सगळे कप किणकिणले.

आईचा हात थांबला. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. रस्त्यावरून काही जड गेलं का, हे आईने दारातून वाकून बघितलं. काही नव्हतं. मग आई परत आली, आणि तिच्या चेहऱ्यावर तो भाव आला जो हिने लहानपणापासून हजारदा बघितला होता, नवी पेटी उघडून पहिला कप हातात घेतल्यावरचा. आईने बोट वाकवलं. कान तिरका केला.

"आई, नको."

टक्.

दोघी ऐकत उभ्या राहिल्या. कपांची किणकिण बऱ्याच वेळाने विझली.

"तडा नाही कुठे," आई पुटपुटली, तिला धीर द्यावा तशी. स्वतःच्या बोटाकडे बघत होती. "पण जरासं..."

"खाली आहे," ती म्हणाली.

तिलाही ऐकू आलं होतं. ए, पण केसभर उतरलेला. तिला वाटलं होतं, आता आपण किंचाळू. पण आतून किंकाळी आली नाही. आली ती फक्त चिडचिड, समोरच्या भिंतीवरची तसबीर तिरकी दिसावी तशी. तो केसभर उतरलेला सूर तिला सहन होईना. पाठ वाकत चालली होती, तिला कळत होतं. इथली हवाच ओली.

"अगं, काय बोलतेस तू? बस आधी. पाणी आणते."

"पाणी नको."

तिचा हात बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात गेलेला होता. रुमालाची घडी उलगडली. आत बारीक, वाकडी, थंडगार अॅलन की. ती तिने आईच्या तळहातावर ठेवली आणि आईची बोटं मिटली. मग पाठ फिरवून उभी राहिली, समोर कपांची भिंत, आणि मानेवरचे केस दोन्ही हातांनी वर उचलून धरले.

मागे आईचा श्वास मध्येच अडकला. एवढ्या कपांमध्ये एकही वाजला नाही.

"हवा बदलली, आई," ती म्हणाली. आवाज सरळसोट आला, वर नाही, खाली नाही. "उजवीकडे. पाव फेराच दे. जास्त नको."